उलटं सोवळं

"कसा झाला?" हा प्रश्न मला विचारायचा असेल तर रांगेत उभे राहा. तुमच्या आधी बरेच जण आहेत.

पहिल्या नंबरावर शेजारच्या मिश्राइन. त्यांना मी सांगितलं, "प्रयागला त्रिवेणीत बुडी मारली, वर आले तर हाच हाताला लागला." त्या खरंच विचारात पडल्या. मग एक दूरची नणंद. फोनवर आवाज बारीक करून तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "आधी तू सांग, तुला कसा नाही झाला?" तिने फोन ठेवला, तो अजून ठेवलेलाच आहे.

बहुतेक लोक उत्तर बरोबर घेऊनच येतात. माझा नवरा वारला आहे. एवढं कळलं की समोरचा समजूतदारपणे मान हलवतो आणि "अच्छा, अच्छा" म्हणतो. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे त्याच्या माथी मारायला सोपं. मी मारणार नाही. तुम्हालाही काही सांगणार नाही. मी रोज घेते ती गोळी मला कधी विचारत नाही, की बाई, तुला हे कुठून मिळालं. ती मुकाट्याने पोटात जाते आणि आपलं काम करते.

एचआयव्ही आहे असं ज्यांना नुकतंच कळलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. डॉक्टरला खरं सांगा. जोडीदाराला सांगा, त्याची तपासणी करून घ्या. बाकीच्यांना गोष्टी सांगा. चांगल्या रंगवून सांगा.

मशीन बिघडली

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. आमचं घर काशीत, ब्रह्मा घाटाच्या गल्लीत. आमचे पूर्वज कोकणातून इतक्या आधी इकडे आले, की कोकणात आता आम्हाला कोणी ओळखत नाही आणि गल्लीत अजून आम्हाला 'महाराष्ट्रवाले' म्हणतात. माझे दीर तीर्थोपाध्याय आहेत. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, आमच्याकडे वरच्या मजल्यावर उतरतात, भाऊजी त्यांच्याकडून घाटावर विधी करून घेतात आणि मंडळी आमच्याकडेच जेवतात. स्वयंपाक माझा. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा. पितरांना भाऊजी तृप्त करतात, जिवंतांचं मी बघते.

आषाढात माझ्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. एका खाजगी नर्सिंग होममध्ये ऑपरेशन ठरलं, रक्त तपासायला गेलं आणि मी हिरवा झगा घालून, उपाशीपोटी, पडद्यामागे पडून राहिले.

मी गणेशोत्सवातल्या नाटकांत वर्षानुवर्षं कामं केली आहेत. मंडळात मिशीला शोभेल असा पुरुष मिळेना, म्हणून राक्षसाची कामंही मीच केली. त्यामुळे वाईट अभिनय मला लांबून ओळखू येतो. नर्स आली आणि माझ्याऐवजी सलाइनच्या स्टँडकडे बघून बोलली. डॉक्टरांनी भाऊजींना आणि माझ्या धाकट्या जावेला, सुमनला, बाहेर बोलावून घेतलं. डॉक्टर परत आले ते म्हणाले, "मशीन खराब हो गई है. आप घर जाइए."

मी उतरले तर आया माझ्या पलंगावरची चादर चिमट्याने उचलत होती.

"क्यों बिटिया, हमको हुआ क्या है?" मी विचारलं.

"वही वाली बीमारी, अम्मा."

"कौन वाली?"

"जिसका नाम नहीं लेते."

"नाम नहीं लोगी तो उसको बुलाएँगे कैसे?"

ती हसली नाही. मीही हसले नाही, खरं सांगायचं तर. नाव मला ई-रिक्षात भाऊजींनी सांगितलं, रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत. मला आधी माझी मुलगी दिसली, ती पुण्याला असते. मग माझा फोटो दिसला, हार घातलेला, आणि फोटोत मी कोणती साडी नेसले आहे हेही दिसलं. जांभळी. मला जांभळा रंग कधीच शोभला नाही. मैदागिन चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा मी इतकी थरथरत होते की सुमनने दवाखान्यासाठी आणलेली चादर माझ्या अंगावर टाकली. टाकली, पांघरली नाही. हात लागू न देता. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आजार आहे म्हणून पेशंटला असं परत पाठवणं कायद्यात बसत नाही, आणि मला सांगायच्या आधी घरच्यांना सांगणं तर मुळीच नाही. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधी कळलेलं बरं. माझे खडे पुढे सरकारी रुग्णालयात निघाले. तिथल्या डॉक्टरने सगळ्यांसाठी घालतो तेच हातमोजे माझ्यासाठी घातले आणि ऑपरेशनच्या आधी मला विचारलं, "चाची, पान कौन सा खाती हैं?"

कप

सुमन वाईट बाई नाही. ती आधी पोटभर रडली. मग एका सकाळी मला चहा आला तो वेगळ्या कपातून. निळं फूल असलेला, कान तुटलेला. मग ताट वेगळं, पाट वेगळा, बसायची जागा चौकाच्या कोपऱ्यात. माझे कपडे मीच धुवायचे आणि ते वाळत घालायला वरच्या बाजूला एक वेगळी दोरी. शेजारच्या मिश्राइनचं नातवंड माझ्याकडे धावलं की सुमन ओरडायची, "शिवू नको!"

आणि स्वयंपाकघर. "ताई, तुम्ही आता आराम करा."

रुग्णालयातल्या समुपदेशक रेहाना मॅडमनी भाऊजींना समोर बसवून सगळं समजावलं होतं. जेवणातून होत नाही, भांड्यातून होत नाही, शिवण्यातून होत नाही. भाऊजींनी मान हलवली, आभार मानले, घरी आले आणि सुमनच्या हातचं जेवले.

"भाऊजी, पटलं ना तुम्हाला?"

"पटलं, वहिनी. पण एका यजमानाच्या कानावर गेलं तर सगळ्यांच्या जाईल. मग काशीत आपल्याकडे कोण उतरणार?"

गोळ्यांनी मला सुरुवातीला मळमळायचं, रात्री विचित्र स्वप्नं पडायची. ते सगळं मी सोसलं. पण उंबऱ्याच्या अलीकडे बसून पलीकडे सुमनला कढी फोडताना बघणं मला सोसेना. ती कढी दरवेळी फुटायची. मी कोपऱ्यातून "ढवळ, अगं ढवळ" ओरडायची, ती न ऐकल्यासारखं करायची. मला ते घर नको होतं, देव्हारा नको होता, वरचा मजला नको होता. मला माझी शेगडी परत हवी होती.

भाच्याचं औषध

गोळ्या जिथे मिळतात त्या केंद्रातल्या बाकावर बसलात तर तुमच्या लक्षात येईल, की तिथे आजारी कोणीच नाही. एक जण भाच्याचं औषध न्यायला आलेला असतो, एक जण मेव्हण्याचं. बायकांनी दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढलेला. मी पहिल्या दिवशी उभी राहून म्हटलं, "हम तो अपना ही लेने आए हैं. जिसका भांजा बहुत बीमार हो, वो आगे आ जाए." मग मागून एक बारीक हसू आलं, मग दुसरं.

रेहाना मॅडम दारात उभ्या होत्या. "आप इतना बोलती हैं," त्या म्हणाल्या, "थोड़ा काम का भी बोल दीजिए."

असं मला हे काम लागलं. सुया टोचून नशा करणाऱ्यांत, ट्रकवाल्यांत फिरायचं, निरोध वाटायचे, तपासणीला राजी करायचं. माझा जोडीदार मुन्ना. तो स्वतः कधीकाळी नशेत होता, आता नशेऐवजी केंद्रातली जिभेखाली ठेवायची गोळी घेतो, आणि फार विसराळू आहे. एकदा ट्रकवाल्यांसमोर निरोध कसा चढवायचा हे दाखवायचं होतं आणि हा लाकडी नमुना केंद्रातच विसरला. मी पिशवीतून बाजारचा मुळा काढला. जौनपुरी मुळा तो, हातभर लांब. एक म्हातारा ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "माताजी, शर्मिंदा मत कीजिए."

कुल्हड

रेल्वेच्या रुळांजवळ एक पडकी भिंत आहे. तिच्या आडोशाला हे लोक बसतात. आम्ही नव्या सुया द्यायच्या, वापरलेल्या घट्ट डब्यात परत घ्यायच्या. सुमनला कळलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, नशेड्यांना सुया देता? पाप लागेल."

"छत्री दिली म्हणजे पाऊस मी पाडला का गं?"

त्यांच्यात लल्लन नावाचा एक होता. माझ्याच वयाचा, पूर्वी साडीचा कारागीर. त्याची जीभ माझ्यापेक्षा तिखट. पहिल्या दिवशी त्याने आमची पिशवी बघून विचारलं, "का गुरु, अब भजन होगा?"

"भजन नहीं. चाय," मी म्हटलं आणि खरंच चहा मागवला. मातीच्या कुल्हडात. सगळ्यांचा पिऊन झाल्यावर मी लल्लनचा कुल्हड उचलला, त्यात चहा ओतून शेजारच्याला दिला. तो मागे सरकला. "अरे! जूठा है!"

"लल्लन का जूठा चाय नहीं पियोगे? लल्लन का खून पियोगे?"

मी पिशवीतून एक सुई काढून त्याच्यापुढे धरली.

"चाय तो पेट में जाती है. वो सूई सीधे नस में जाती है. बनारस में एक बार होंठ लगा तो कुल्हड फोड़ते हो. सूई क्या सोने की है? एक आदमी, एक बार, और डब्बे में."

लल्लनने आपला कुल्हड भिंतीवर फेकून फोडला आणि म्हणाला, "माताजी नौटंकी में थीं का?" मी म्हटलं, "राक्षस बनती थी." त्या दिवसापासून सुई मागताना तिथे "एक कुल्हड देना" म्हणतात. जन्मभर पाळलेलं उष्टं-खरकटं असं कामाला येईल, हे आमच्या सासूबाईंना वर बसून कळत असेल तर त्यांनी कपाळाला हात लावला असेल.

केंद्रात मी दर मंगळवारी तहरी करायला लागले. मटार, फ्लॉवर, बटाटा आणि भात, वर तूप. ते लोक ओरपून जेवायचे. पण लल्लन तपासणीला येईना. मी एकदा मागेच लागले. डरने का नहीं, छुपने का नहीं, वगैरे.

तो ताट खाली ठेवून म्हणाला, "माताजी, एक बात पूछें? घर में आपके हाथ का खाते हैं लोग?"

मी तहरी वाढत होते. वाढत राहिले.

"मुन्ना बोला, आपका कप अलग है. हमको बोलती हो डरो मत. और अपने घर में कोने में बैठके चाय पीती हो?"

मी घरी आले, कोपऱ्यात बसले आणि निळ्या फुलाच्या कपातून चहा प्यायले.

कऱ्हाडच्या आजी

मार्गशीर्षात कऱ्हाडहून एक कुटुंब यात्रेला आलं. आजी, त्यांचा मुलगा आणि सून. आजी ऐंशीच्या पुढच्या, पण नजर घारीची. आल्या आल्या त्यांनी घर पारखून घेतलं. चौकाच्या कोपऱ्यात मी एकटी बसलेली. माझं पाणी वेगळं, ताट वेगळं, पाट वेगळा. माझे कपडे वरच्या दोरीवर, बाकीच्यांपासून लांब. माझी भांडी मीच घासते, कोणाला हात लावू देत नाही. नातवंड जवळ आलं की जाऊ ओरडते, शिवू नको.

आजींनी सुनेला ढोसलं. "बघितलंस का? काय कडक सोवळं हाय बाईचं! आमच्या आत्याबाईंचं होतं तसलं. आता कोण पाळतंय?"

आणि त्या माझ्यासमोर येऊन वाकल्या. हात न लावता, अंतर राखून, जमिनीला डोकं टेकलं.

मी सुमनकडे बघितलं. सुमनचा चेहरा पांढरा. ती काय बोलणार? सोवळं नाही म्हणाली, तर मग काय आहे हे सांगावं लागलं असतं. मी डोळे अर्धे मिटले आणि आशीर्वादाचा हात वर केला. नटीला टाळी मिळाली तर ती विंगेत पळून जाते का? दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या, सुनेला घेऊन. "कसलं अनुष्ठान चाललंय, बाई?" मी म्हटलं, "मौन आहे." आणि मौनात गेले. भाऊजी जिन्यात उभे राहून उपरणं तोंडात कोंबून हसत होते. आषाढानंतर त्यांना मी पहिल्यांदा हसताना बघितलं.

तिसऱ्या दिवशी गंगापूजन आटोपून मंडळी घाटावरून वर आली. त्या दिवशी पुरणाचं जेवण असतं. आजी चौकात बसल्या आणि त्यांनी जाहीर केलं, "आजचं पुरण मला त्या बाईच्या हातचं पायजे. नायतर मी उपाशी राहीन."

सुमनने मला ओढत कोठीच्या खोलीत नेलं. खरंच ओढत, दंडाला धरून. घाईत ती विसरली.

"ताई, करा स्वयंपाक," ती कुजबुजली. "आजपासून करा. रोज करा. मी अडवणार नाही. फक्त बोलू नका. तुम्ही सोवळ्यात आहात, एवढंच राहू दे."

तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. डाळ भिजवलेली दिसत होती, गूळ चिरलेला. माझी पितळी कढई खुंटीवरून खाली काढलेली. मला जे हवं होतं ते सगळं चार पावलांवर होतं, आणि त्याच्या बदल्यात गप्प बसायचं होतं. मी गप्प बसू शकते. मी राक्षस होऊ शकते, साध्वी होऊ शकते. मी एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलंसुद्धा. गुळाचा वास आला. आणि नेमका तो लल्लन आठवला, मेला, ताट खाली ठेवणारा.

मी वळून चौकात आले.

"आजी," मी म्हटलं, "माझं मौन सुटलं. मी सोवळ्यात नाही. मला एचआयव्ही आहे. एड्सचा जंतू म्हणतात ना, तो. औषध चालू आहे, मी ठणठणीत आहे. माझ्या हातचं खाऊन तुम्हाला काही होणार नाही. पण मला न कळवता वाढायचं नाही. आता सांगा, पुरण करू का?"

सून उठून उभीच राहिली. मुलगा म्हणाला, "आई, चल." आजी हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे रागाने बघत होत्या.

"मग दोन दिवस माझे नमस्कार का घेतलेस गं?"

"चूक झाली. मजा वाटली."

"परत दे."

"काय?"

"नमस्कार. परत दे माझे."

मी खाली वाकले आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून एकेक करून परत केले. अंतर न राखता. आजींनी पाय मागे घेतले नाहीत. मुलगा ओरडला, "आई, पाय धू!" त्या म्हणाल्या, "आत्ताच गंगेत धुतलेत. आता किती धुवू?"

मग मुलाने मोर्चा भाऊजींकडे वळवला. "गुरुजी, तुम्ही सांगा. गंगेवरून आलाय, खोटं बोलू नका. तुम्ही जेवता का हिच्या हातचं?"

सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. सुमनने, मी, आजींनी. माझे दीर भित्रे आहेत, पण ओल्या धोतराने खोटं बोलत नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "आषाढापासून जेवलो नाही."

मुलगा जिंकल्यासारखा वळला.

"आणि आषाढापासून धड जेवलोच नाही," भाऊजी म्हणाले. "सुमन, माझं पान मांड."

आमच्याकडे यजमान जेवल्याशिवाय गुरुजी पानावर बसत नाहीत. भाऊजींनी भिंतीचा पाट स्वतः ओढला, चौकाच्या मधोमध टाकला आणि मांडी घालून बसले.

"भाऊजी," मी म्हटलं, "अजून डाळसुद्धा चढवलेली नाही."

"चढवा. मी बसलोय."

सुमन हलेना. मग ती हलली. तिने केळीचं पान आणलं, त्याला पाणी लावलं, भाऊजींपुढे ठेवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. आजीही दुसरा पाट ओढायला लागल्या. मुलगा आणि सून वरून बॅगा घेऊन आले आणि दाराबाहेर निघाले. कऱ्हाडात जाऊन सगळ्यांना सांगतो, असं तो जाताना म्हणाला. सांगितलंही असेल. त्या वर्षी तिकडचे बरेच लोक आमच्याकडे उतरले नाहीत.

मी उंबरा ओलांडला, शेगडी पेटवली, डाळ चढवली आणि आतूनच ओरडून सांगितलं, की ज्यांना जायचं आहे त्यांनी आत्ताच जा. एकदा पुरणाचा वास सुटला, की मी कोणाला जाऊ देणार नाही.